कर घ्यायचा की कर्ज?

फ्रान्सचे तत्कालीन पंतप्रधान फ्रांस्वा बायरू यांचे सरकार ८ सप्टेंबर २०२५ रोजी विश्वासदर्शक ठरावावर कोसळले. देशावरचे सार्वजनिक कर्ज सकल उत्पादनाच्या सुमारे ११४ टक्क्यांवर गेले आहे, म्हणून सुमारे ४४ अब्ज युरोंची काटकसर करावी आणि त्यासाठी दोन सार्वजनिक सुट्ट्याही रद्द कराव्यात, असा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथल्या कनिष्ठ सभागृहाने दहा कोटी युरोंहून अधिक संपत्ती असणाऱ्यांकडून दर वर्षी किमान दोन टक्के कर घेण्याचे विधेयक मंजूर केले होते आणि जूनमध्ये वरिष्ठ सभागृहाने ते फेटाळले होते. या घटनांवर मराठीत जे वाचायला आणि ऐकायला मिळाले, त्याचे दोन ठरावीक सूर होते. एका बाजूचे म्हणणे असे की, फ्रेंच जनता ऐपतीबाहेर जगली, अंथरूण पाहून पाय पसरले नाहीत, त्याचे फळ आता भोगते आहे. दुसऱ्या बाजूच्या मते कर्जाची ही सारी ओरड हा निव्वळ बागुलबुवा आहे आणि खरा मुद्दा श्रीमंतांवरच्या कराचा आहे. दोन्ही बाजूंनी कर्ज हा एक विषय मानला आणि कर हा दुसरा. माझ्या मते ही चर्चा भरकटली ती इथेच.

राज्याला मोठी रक्कम हवी असते तेव्हा ती अखेर ज्यांच्याकडे शिल्लक आहे त्यांच्याकडूनच येते. ती कर म्हणून घेतली तर विषय तिथेच संपतो. कर्ज म्हणून घेतली तर देणाऱ्याचे मुद्दल शाबूत राहते, त्यावर व्याज मिळते, शिवाय संकटकाळी देशाच्या मदतीला धावल्याचा मानही मिळतो, आणि ते व्याज भागवण्यासाठी दुसऱ्या कुणावर तरी कर बसतो. तेव्हा कर्ज किती आहे, हा प्रश्न दुय्यम आहे. ज्यांच्याकडून कर घेता आला असता त्यांच्याकडून तो न घेता कर्ज का घेतले आणि त्याचे व्याज कोणाच्या खिशातून दिले, हा पहिला प्रश्न आहे. युरोपात गेली सात-आठ शतके विषमता ज्या वाटांनी वाढली त्यांतली ही एक मोठी वाट आहे, आणि तिची चर्चा मात्र फारच कमी होते.

सुरुवात इटलीतल्या नगरराज्यांपासून करावी लागते. व्हेनिसने युद्धखर्चासाठी सधन नागरिकांकडून सक्तीची कर्जे घेतली आणि १२६२ मध्ये ती सगळी एकत्र करून त्यांवर वर्षाला पाच टक्के व्याज देण्याची हमी दिली. या कर्जातले हिस्से पुढे विकले आणि विकत घेतले जाऊ लागले. फ्लॉरेन्सने १३४० च्या दशकात हाच मार्ग धरला. तिथल्या एकत्रित कर्जाला ‘मोन्ते’ म्हणत. मोन्तेवरचे व्याज कुठून येई? शहराच्या वेशीवर वसूल होणाऱ्या जकातीतून, मिठावरच्या आणि दारूवरच्या करातून. म्हणजे लोकर पिंजणारा मजूर मीठ घेताना जो कर भरी, त्यातला काही भाग रोखेधारक घराण्याच्या खात्यावर जमा होई. १३५८ च्या एका योजनेत तर शंभर फ्लोरिन देणाऱ्याच्या नावावर तीनशे लिहिले जात आणि पाच टक्के व्याज त्या तीनशेंवर मिळे. कागदोपत्री दर पाच टक्के, प्रत्यक्षात पंधरा.

या व्यवस्थेतला एक बारकावा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सक्तीच्या कर्जाची आकारणी प्रत्येक कुटुंबावर होत असे. ज्याला पूर्ण रक्कम भरणे शक्य होते त्याच्या नावावर ती मोन्तेत जमा होई आणि त्याला व्याज सुरू होई. ज्याला ती झेपत नसे त्याला एक सवलत होती: ठरलेल्या रकमेचा काही भाग भरावा आणि मोकळे व्हावे, मात्र त्या पैशावरचा हक्क कायमचा सोडावा. एकाच आदेशाखाली, एकाच कारणासाठी गोळा होणारा पैसा श्रीमंताच्या हातून आला की कर्ज ठरे आणि गरिबाच्या हातून आला की कर. नियम सर्वांना सारखा होता आणि तरीही त्याचा परिणाम उलट होता. लोकांना हे कळत नव्हते असे मुळीच नाही. १३७८ च्या उन्हाळ्यात चिओम्पी, म्हणजे लोकर उद्योगातले मजूर, बंड करून सत्तेपर्यंत पोहोचले. मोन्तेवर व्याज देणे थांबवावे, मुद्दल बारा वर्षांत फेडून टाकावे आणि मालमत्तेनुसार थेट कर आकारावा, या त्यांच्या ठळक मागण्यांपैकी होत्या. ज्यांना अक्षरओळखही जेमतेम असेल त्या मजुरांनी सार्वजनिक वित्ताचा गाभा बरोबर हेरला होता.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. त्या काळात थेट कर आकारणे शक्य तरी होते का? कोणाकडे किती आहे हे राज्याला ठाऊक नव्हते. मीठ, दारू, दळण यांवरचा कर वसूल करणे सोपे, म्हणून तो बसवला, त्यात वर्गीय हेतू शोधू नये, असे म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे. अनेक राज्यांकडे साधी नोंदवहीही धड नव्हती. पण फ्लॉरेन्सनेच १४२७ मध्ये या आक्षेपाचे उत्तर देऊन ठेवले आहे. ‘कातास्तो’ या नावाच्या आकारणीसाठी शहरातल्या आणि त्याच्या ताब्यातल्या मुलखातल्या जवळपास साठ हजार कुटुंबांकडून मालमत्ता, येणी, देणी आणि खाणारी तोंडे यांची लेखी माहिती घेतली गेली. चित्रकार मासाच्चो याचेही निवेदन उपलब्ध आहे. पंचविशीतला हा तरुण आई आणि धाकट्या भावाबरोबर भाड्याच्या घरात राहतो, कार्यशाळेतला एक भाग भाड्याने घेतो, हाताखालच्या मदतनिसाचे पैसे त्याने अजून दिलेले नाहीत आणि काही वस्तू गहाण पडल्या आहेत, एवढा तपशील सरकारदरबारी नोंदला गेला. याच नोंदींवरून आज आपल्याला सांगता येते की, शहरातल्या वरच्या एक टक्का कुटुंबांकडे शहराच्या एकूण संपत्तीपैकी पावहिश्शाहून अधिक संपत्ती होती आणि मोन्तेतले जवळपास सगळे हिस्से फ्लॉरेन्सच्याच रहिवाशांकडे होते. व्याजासाठी पिळल्या जाणाऱ्या पिसासारख्या अंकित शहरांकडे ते नावालाच होते. ज्या राज्याला गहाण वस्तूंपर्यंतची खबर काढता येते, त्याला श्रीमंताची मालमत्ता मोजता येत नव्हती असे कसे म्हणावे? कुवत होती. ती टिकवण्याची इच्छा सत्ताधारी घराण्यांमध्ये फार काळ राहिली नाही.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे आणि तो मी मनापासून मान्य करतो. सार्वजनिक पत, म्हणजे राज्याने घेतलेले कर्ज वेळेवर फेडण्याची सवय, ही युरोपची फार मोठी राजकीय कमाई आहे. ती नव्हती तिथे काय होते? स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५५७, १५६०, १५७५ आणि १५९६ असे चार वेळा देणे थांबवले. अमेरिकेतली चांदी येत असूनही कास्तीलमधल्या सामान्य माणसावर १५९० नंतर दारू, तेल, मांस यांवरचा ‘मिलियोनेस’ हा कर लादला गेला. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७२ मध्ये तिजोरीतून होणारी परतफेड रोखली आणि लंडनच्या सराफांना बुडवले. मनमानी करणारा राजा कर्ज बुडवतो, नाण्यात हीण मिसळतो, मालमत्ता जप्त करतो, आणि या सगळ्यांत गरीब अधिक भरडला जातो. याउलट हॉलंडमध्ये आणि १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर इंग्लंडमध्ये कर्जाला प्रतिनिधी सभेची हमी मिळाली. हॉलंड प्रांत सोळाव्या शतकाच्या अखेरीस आठ टक्क्यांच्या वर व्याज देत होता. १६५५ मध्ये तो चार टक्क्यांवर आला. बँक ऑफ इंग्लंडने १६९४ मध्ये सरकारला बारा लाख पौंड आठ टक्क्यांनी दिले. सुमारे साठ वर्षांत इंग्लंडचे सरकार तीन टक्क्यांनी कर्ज उभारू लागले. स्वस्त कर्जाच्या बळावर ही छोटी राज्ये आपल्याहून कितीतरी मोठ्या शत्रूंना पुरून उरली. ज्यांनी कर्ज दिले त्यांच्याच हातात राज्याची नाडी असल्यामुळे राजाच्या लहरीला लगाम बसला, हा युक्तिवाद खोटा नाही.

पण व्याज स्वस्त झाले ते कशाच्या जोरावर, हे पुढे विचारले जात नाही. सावकार कमी व्याजावर समाधान मानतो तो परतफेडीची खात्री असते म्हणून, आणि ही खात्री करवसुलीतून येते. हॉलंडमध्ये ती बिअर, दळण, मांस, सरपणाचा पीट यांवरच्या अबकारीतून आली. संपत्तीवरची आकारणीही तिथे अधूनमधून झाली आणि तिचा भार श्रीमंतांनी सोसला, हे नोंदवले पाहिजे. तरी रोजचा, न चुकणारा आधार अबकारीचाच होता. अठराव्या शतकात प्रांताच्या उत्पन्नातला निम्म्याहून अधिक भाग कधी कधी नुसत्या व्याजात जाऊ लागला. १७४८ मध्ये फ्रीसलंडपासून आम्स्टरडॅमपर्यंत लोकांनी करवसुलीच्या मक्तेदारांची घरे फोडली, सामान कालव्यात फेकले. त्यानंतर मक्तेदारी बंद झाली, सरकारी वसूलदार आले, आणि कर तेच राहिले. लोकांचा राग दारात उभ्या राहणाऱ्या वसूलदारावर निघाला. रोखेधारक त्यांच्या नजरेसमोर नव्हता. तो कोणाच्या दारात जात नाही.

इंग्लंडचे १८१५ ते १८२१ हे पर्व या दृष्टीने मुळातून अभ्यासण्यासारखे आहे. फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी पंतप्रधान धाकट्या पिटने १७९९ मध्ये प्राप्तिकर आणला: वर्षाला दोनशे पौंडांहून अधिक मिळवणाऱ्यावर दहा टक्के, साठ पौंडांच्या आत कर नाही. युद्ध संपले तेव्हा राष्ट्रीय कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीच्या आसपास होते आणि सरकारच्या महसुलातला निम्मा किंवा त्याहून अधिक हिस्सा व्याजापोटी जाणार होता. अशा वेळी काय करायला हवे होते? मार्च १८१६ मध्ये संसदेने सरकारचे म्हणणे झुगारून २३८ विरुद्ध २०१ मतांनी प्राप्तिकर बंद केला. इतकेच नव्हे, तर करदात्यांच्या उत्पन्नाच्या नोंदी नष्ट करण्याचे ठरले, म्हणजे पुन्हा कुणाला सहजी तसा कर बसवता येऊ नये. त्याच्या आदल्याच वर्षी धान्याच्या आयातीवर बंधने घालून जमीनदारांसाठी गव्हाचा भाव चढा ठेवणारा कायदा झाला होता. पुढे १८१९ च्या कायद्याने कागदी पौंड पुन्हा सोन्याशी जोडण्याचे ठरले. युद्धात ज्याने स्वस्त झालेल्या कागदी पौंडांत, शंभराच्या दर्शनी किमतीचा रोखा साठ-पासष्टला घेतला होता, त्याला आता व्याज सोन्याच्या पौंडात आणि शंभरावर मिळू लागले. आणि हे व्याज दिले कोणी? साबण, मेणबत्त्या, माल्ट, चहा, साखर, कागद, मीठ विकत घेणाऱ्यांनी. मेणबत्तीवरचा कर १८३१ पर्यंत राहिला, साबणावरचा १८५३ पर्यंत. अंधारात बसायचे की कर भरायचा, एवढीच निवड गिरणीकामगाराच्या घरापुढे होती.

त्या वेळी याला पर्याय कोणालाच सुचला नव्हता, असेही म्हणता येत नाही. सरकारी कर्जरोख्यांच्या व्यवहारात ज्याने स्वतः अमाप पैसा केला त्या अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोनेच असे मांडले होते की, सर्व मालमत्तेवर एकदाच मोठा कर बसवून राष्ट्रीय कर्ज फेडून टाकावे. रोखेधारकाला त्याचे पैसे पूर्ण मिळतील, कोणी बुडणार नाही, आणि पिढ्यान् पिढ्या व्याजासाठी चालणारी वसुली थांबेल. या सूचनेवर संसदेत कुणी फारसे कान दिले नाहीत. संसदेत बसलेल्यांची मालमत्ता पाहता त्याचे नवल वाटत नाही.

आता तिसरा आक्षेप. सरकारला कर्ज देणारे सगळे धनाढ्य नव्हते. विधवा, अनाथांचे निधी, धर्मादाय रुग्णालये, घरकाम करून पैसे साठवणाऱ्या बायका यांचेही पैसे त्यात होते. हेही खरे आहे. फ्लॉरेन्सने १४२५ मध्ये मुलींच्या हुंड्यासाठी खास निधी काढला तो मोन्तेशीच जोडलेला होता. फ्रान्सच्या क्रांतिकारी सरकारने १७९७ मध्ये दोनतृतीयांश कर्ज जवळपास निरुपयोगी ठरलेल्या कागदात फेडले, तेव्हा व्याजावर जगणारे पॅरिसमधले छोटे रोखेधारक देशोधडीला लागले आणि तेच कागद मातीमोल भावाने उचलणाऱ्या सट्टेबाजांनी जप्त केलेल्या जमिनी पदरात पाडून घेतल्या. पहिल्या महायुद्धात जर्मनीने कर वाढवण्याऐवजी नऊ वेळा युद्धकर्ज उभारले. हरलेल्या शत्रूकडून वसूल करू, हा त्यामागचा हिशेब होता. शिक्षक, कारकून, दुकानदार यांनी देशभक्तीपोटी आयुष्यभराची बचत त्यात घातली. नोव्हेंबर १९२३ मध्ये एक लाख कोटी जुने मार्क म्हणजे एक नवा मार्क असा हिशेब झाला, तेव्हा त्या बचतीची किंमत शून्य उरली, आणि कर्ज काढून कारखाने व खाणी विकत घेत गेलेला हुगो स्टिनेससारखा उद्योगपती त्याच महागाईत आपले साम्राज्य उभारून बसला होता.

म्हणूनच कर्ज बुडवा, असे मी म्हणत नाही. जे लोक आज युरोपातली कर्जे एका फटक्यात रद्द करण्याची भाषा उत्साहाने बोलतात, त्यांनी १७९७ आणि १९२३ ही दोन वर्षे डोळ्यांसमोर ठेवावीत. कर्ज बुडवणे आणि महागाईत ते विरघळवणे हाही एक करच असतो, फक्त तो कोणावर बसेल हे कायदा ठरवत नाही. ज्याला आधी कुणकुण लागते आणि ज्याला पैसा जमिनीत किंवा परकीय चलनात फिरवता येतो तो सुटतो, बाकीचे सापडतात. छोटे रोखेधारक होते, हा मुद्दा कर्जव्यवस्था न्याय्य असल्याचा पुरावा ठरत नाही. उलट, त्यांना वाचवायचे असेल तर संपत्तीच्या प्रमाणात, उघडपणे, कायद्याने कर घेऊन कर्ज फेडणे हाच मार्ग उरतो.

फ्रान्सचे एकोणिसावे शतक तर या साऱ्याचा कळस आहे. १८७१ मध्ये प्रशियाकडून झालेल्या पराभवानंतर पाच अब्ज फ्रँकची खंडणी द्यायची होती. सरकारने रोखे काढले, आणि १८७२ च्या जुलैत तीन अब्जांच्या मागणीला दहापटींहून अधिक प्रतिसाद आला. देशभक्तीचा हा महापूर म्हणून त्याचे कौतुक झाले. पण एवढा पैसा देशात आणि आसपास पडून होता, तर त्यावर कर का बसला नाही? राष्ट्राध्यक्ष थिएर यांनी प्राप्तिकराला ठाम विरोध केला. साखर, कॉफी, दारू, काड्यापेट्या यांवर नवे कर आले. त्याच वर्षी समभाग आणि खासगी रोख्यांच्या उत्पन्नावर तीन टक्के कर लागला खरा; त्यातून सरकारी रोख्यांचे व्याज मात्र वगळण्यात आले. प्राप्तिकराचा कायदा व्हायला जुलै १९१४ उजाडावा लागला, आणि त्याचा कमाल दर तेव्हा होता दोन टक्के. महायुद्धाच्या उंबरठ्यावर फ्रान्समधल्या सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांकडे देशातल्या एकूण खासगी संपत्तीपैकी निम्म्याहून अधिक संपत्ती होती, हे वारसा नोंदणीच्या कागदपत्रांवरून दिसते. क्रांती होऊन सव्वाशे वर्षे झाल्यानंतरची ही स्थिती आहे.

युरोपातल्या या पतव्यवस्थेचा आपल्या भूमीशीही थेट संबंध आला आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती. नफा कमी पडला तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरायचा. भागधारक बहुतांशी ब्रिटनमधले होते आणि महसुलाचे मोठे आधार शेतसारा, अफू आणि मीठ हे होते. नामदार गोखले यांनी १९०२ च्या अर्थसंकल्पावरील भाषणात दुष्काळाने पिचलेल्या रयतेकडून शिल्लक काढणाऱ्या सरकारला जाब विचारला आणि मिठावरचा कर कमी करण्याची मागणी केली. १९०३ मध्ये तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. फ्लॉरेन्सच्या वेशीवरचे मीठ आणि कोकणच्या आगरातले मीठ यांच्यावरचा कर एकाच तर्काने बसलेला होता.

वर्तमानाकडे वळताना एक फरक मान्य करायला हवा. आज फ्रान्सच्या सरकारी कर्जाचा निम्म्याहून अधिक भाग परदेशी संस्थांकडे आहे: निवृत्तिवेतन निधी, विमा कंपन्या, मध्यवर्ती बँका. फ्रेंच अब्जाधीश आपल्या सरकारला कर्ज देतो आणि फ्रेंच मजूर त्याचे व्याज भरतो, असे सरळ चित्र आता काढता येत नाही. शिवाय व्याजाखेरीज आरोग्य, शिक्षण, निवृत्तिवेतन यांवर राज्य जो खर्च करते तो खालच्या थराला मिळतो, आणि असे काही चौदाव्या शतकात नव्हते. फ्रान्सचा सरकारी खर्च अवाढव्य आहे आणि समर्थकांच्या मते सुमारे वीस अब्ज युरो मिळवून देणाऱ्या त्या दोन टक्के कराने तो प्रश्न सुटणार नाही, हेही खरे. पण कर्ज वाढण्याचे कारण केवळ खर्च नसतो. न घेतलेला करही असतो. २०१८ मध्ये फ्रान्सने संपत्तीकर रद्द करून तो केवळ स्थावर मालमत्तेपुरता ठेवला आणि भांडवली उत्पन्नावर सरसकट तीस टक्क्यांचा दर लावला. त्याच वर्षी इंधनावरचा कर वाढवण्याचे ठरले आणि नोव्हेंबरमध्ये पिवळी जाकिटे घातलेले लोक चौकाचौकांत उभे राहिले. गावाकडून मोटार चालवत कामावर जाणाऱ्या माणसाने या दोन निर्णयांची सांगड घातली, यात त्याचे काय चुकले? देशाला पैसा हवा आहे हे त्यालाही कळत होते. तो आधी कोणाला सोडून मग आपल्याकडे मागितला जातो आहे, हेही त्याला कळत होते.

राहिला शेवटचा आणि सर्वाधिक उगाळला जाणारा आक्षेप: संपत्तीवर कर लावला की भांडवल पळते, आणि इतिहासात असे कर टिकले ते केवळ महायुद्धांच्या असाधारण काळात. यातला दुसरा भाग अर्धाच खरा आहे. ब्रिटनचा पंतप्रधान रॉबर्ट पील याने प्राप्तिकर परत आणला तो १८४२ मध्ये. तेव्हा सरकारपुढे तुटीचे संकट होते, महायुद्ध नव्हते, आणि त्या कराच्या आधारानेच त्याने शेकडो वस्तूंवरची आयात जकात घटवली. प्रशियाने १८९१ मध्ये, म्हणजे शांततेच्या काळात आणि जमीनदारांचा वरचष्मा असताना, चढत्या दराचा प्राप्तिकर स्वीकारला. ब्रिटनमध्ये मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर चढता कर १८९४ मध्ये आला, फ्रान्समध्ये १९०१ मध्ये. १९०९ च्या लॉइड जॉर्ज यांच्या अर्थसंकल्पावरून झालेल्या संघर्षात उमरावांच्या सभागृहाचा नकाराधिकार मोडावा लागला, पण तो मोडला गेला. युद्धाने दर वाढवले हे खरे. तत्त्व मात्र त्याआधीच मतदारांनी आणि संसदांनी झगडून मिळवले होते.

भांडवल पळण्याच्या भीतीबद्दल पश्चिम जर्मनीचे उदाहरण पाहावे. १९४८ च्या चलनबदलात रोख बचत जवळपास पुसली गेली, आणि ज्यांच्याकडे जमीन, घर, कारखाना होता ते मात्र तरले. पूर्वेकडून हाकलले गेलेले सुमारे ऐंशी लाख निर्वासित रिकाम्या हातांनी आले होते आणि बॉम्बहल्ल्यांत घरे गमावलेले वेगळेच. आडेनॉवर यांच्या पुराणमतवादी सरकारने १९५२ मध्ये ‘भार समान वाटून घेण्याचा’ कायदा केला: २१ जून १९४८ या दिवशी ज्याच्याकडे जी मालमत्ता होती तिच्या निम्म्या किमतीइतकी आकारणी, काही सवलती वगळून, आणि ती तीस वर्षांच्या तिमाही हप्त्यांत भरायची. टीकाकार म्हणतात की जुन्या, कमी धरलेल्या किमतींमुळे आणि पुढच्या भरभराटीमुळे हा भार प्रत्यक्षात हलका ठरला, आणि ते बरोबर आहे. पण त्यातच या कायद्याचे शहाणपण आहे. आकारणीचा दिवस आधीच होऊन गेलेला असल्यामुळे मालमत्ता दडवून किंवा हलवून उपयोग नव्हता, आणि हप्ते लांब मुदतीचे असल्यामुळे कोणाला कारखाना विकावा लागला नाही. शेवटचे हप्ते १९७९ मध्ये भरले गेले. त्या तीन दशकांत पश्चिम जर्मनी भांडवलाअभावी ओस पडला नाही. पश्चिम युरोपातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था त्याच काळात, तो कर भरत भरत, उभी राहिली.